आमच्या भिंतीवरील लाल आज्ञा

श्रीमत् बेंत्सिलकुलावतंस, सॉल्टपाँडनगरभास्कर, मेथडिस्ट गायकवृंदाचे आद्य मंद्रस्वर, भाच्यांचे कल्पवृक्ष आणि भावी जावयांचे कर्दनकाळ, कुटुंबप्रमुख मामासाहेब कोबिना बेंत्सिल यांच्या चरणी, अक्रा येथील आसेम्पा वसाहतीच्या रहिवासी संघाचा बिनविरोध अध्यक्ष (निवडणुकीच्या सभेस दुसरे कोणी फिरकलेच नव्हते) भाचा एबो याचे सविनय वंदन.

गुडघा कसा आहे? शियाचा लेप चोळता, की डबी उशाशी ठेवून गुडघ्याला नुसता धाक दाखवता? त्या गुडघ्यापायी शनिवारी आपले येणे झाले नाही, हे मी ईश्वरी अनुकंपेचे लक्षण समजतो. आपल्या नातीला, माझ्या लेकीला आराबाला, मागणी घालण्यासाठी बोआफो मंडळी रीतीप्रमाणे श्नॅप्स मद्याच्या बाटल्या घेऊन अक्रोपाँगहून दार ठोठावण्यास आली खरी. परंतु आमचे दार ठोठावले गेले नाही. त्याची कारणपरंपरा निवेदन करतो.

आमच्या शेजारी जिफा नामक विधवा बाई (वाणी तिखट, मासळी त्याहून तिखट) स्वगृहाच्या अंगणात बिअरचा अड्डा चालवते आणि त्यावर तीन लेकरे शिकवते. तिच्या ध्वनिक्षेपकाचे मुख माझ्या शयनगृहाकडे आहे. वसाहतीची शांतता अबाधित राहावी, तथापि मालकाच्या हक्कास तिळमात्र धक्का लागू नये, असा ठराव मीच लिहिला. (त्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाविरुद्ध मतदान करतो, हे मला नंतर उमगले.) सभेत जिफा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अध्यक्षसाहेब, घर माझ्या नवऱ्यानं बांधलं, गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं. तुम्हाला आवाज होतोय तर खिडकी तुमचीच आहे, लावून घ्या की!" हे ऐकून माझ्यातील रहिवासी संतप्त झाला आणि माझ्यातील मालकाने मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. गतवर्षी गटारासाठी माझी भिंत मागे सरकवायला आलेल्यांना मीही हेच सुनावले होते.

अखेरीस रहिवाशाची सरशी झाली व मी नगरसभेकडे तक्रार धाडली. आमच्याकडे घरांना क्रमांक असून नसल्यासारखे, म्हणून पत्ता सर्वमान्य पद्धतीने दिला: "आंब्याच्या झाडासमोरील पांढऱ्या भिंतीचे घर, जेथे माणसे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून मोठमोठ्याने वाद घालतात." वर्णन निर्दोष होते. दुर्दैव इतकेच की नगरसभेचे रंगारी अवतरले त्या सकाळी जिफा बाजारात गेली होती, आणि आंब्यासमोरच्याच माझ्या पांढऱ्या भिंतीआड आमच्या संघाची बैठक चालू होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. आम्ही ध्वनिप्रदूषणावर इतक्या उच्चरवाने चर्चा करीत होतो की बाहेर ब्रश फिरल्याचे कोणास ऐकू आले नाही. बाहेर येऊन पाहतो तो भिंतीवर पुरुषभर उंचीची लाल अक्षरे: काम बंद करा, परवाना दाखवा.

धावत कचेरीत गेलो. अधिकारी सौजन्यमूर्ती. "सर, तुमच्याविरुद्ध तक्रारच नाही आमच्याकडे. नसलेली तक्रार मागे कशी घ्यायची?"

"मग मी अक्षरे पुसतो."

"छे छे, पुसाल तर गुन्हा होईल. आदेश आहे तो."

"आदेश चुकीच्या भिंतीवर आहे हो!"

"असेल. पण अक्षर किती सुरेख आलंय, बघितलंत का?"

आणि शनिवार उजाडला. बोआफोंची गाडी आमच्या दारी थांबली आणि कोणी उतरेना. अक्रात भिंतीवर असा लाल रंग दिसला की जागा वादातली, उद्या बुलडोझर येणार, हे शेंबडे पोरही जाणते. वराच्या आत्याबाई काच खाली करून म्हणाल्या, "अहो, या घराचंच काम बंद आहे. इथनं मुलगी कशी मागायची?" आराबा दाराआड नवा पोशाख करून उभी होती, तिच्या मुद्रेकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेवढ्यात जिफा पदराला (म्हणजे कमरेच्या कापडाला) हात पुसत आली. "आत्याबाई, उन्हात काय बसलाय? माणूस बडबड्या आहे, पण घर त्याच्या बापाचं आहे, मी सांगते ना! चला माझ्याकडे." तिने मांडव ताणला, खुर्च्या मांडल्या, ध्वनिक्षेपक स्वहस्ते बंद केला. तिच्या फाटकावर बोआफोंनी रीतसर ठकठक केली, आणि मी ज्या अड्ड्याविरुद्ध अर्ज केला होता त्याच अड्ड्यात त्यांचे श्नॅप्स स्वीकारले.

सोमवारी रंगारी पुन्हा आले. शनिवारची गर्दी पाहून कोणी तरी नगरसभेस खरा अड्डा दाखवला होता. आता जिफाच्या भिंतीवरही तीच आज्ञा शोभते आहे आणि अड्डा बंद आहे. संघाने माझे अभिनंदन केले. जिफाने फक्त माझ्याकडे पाहिले, मामा. ध्वनिक्षेपक परवडला असता. वसाहतीत आता इतकी शांतता आहे की मला झोप येत नाही.

आपला हताश भाचा,
एबो

ता. क. बोआफोंच्या आत्याबाईंनी बजावले आहे की साखरपुडा लाल अक्षरांच्या घरात होणार नाही. आमच्या आळीत आता दोन्ही अंगणे बाद. तरी तो सोहळा आपल्या सॉल्टपाँडच्या घरी व्हावा, ही या पत्राची मूळ विनंती. स्वयंपाक जिफा करील. तिला विचारण्याची हिंमत आराबा करणार आहे.

ता. ता. क. आपल्या न्हाणीघराची कडी आतून लागत नाही, दाराला बादली टेकवावी लागते, हे मी गेल्या ईस्टरला कळवले होते. ती आता लागते का?