रेल्वेविरुद्ध बाबांची तीन मिनिटं

प्रिय ताई,

आपल्या गावात रेल्वे आणायची की नाही, यावर गेल्या आठवड्यात जनसुनावणी झाली. आली तर तुझ्या शहरापासून थेट प्रवासी गाडी, साडेतीन तासांत दारात. तुला माहीतच आहे, नगरपालिकेत इतिवृत्त लिहायचं काम माझं. कोण काय बोललं ते शब्दन् शब्द उतरवायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. एकोणचाळीस माणसं बोलली, माझं मनगट अजून दुखतंय.

काय एकेक नग! न्हावी म्हणाला, लोक शहरात जाऊन केस कापून येतील, मग मी काय भिंतीची हजामत करू? बसचा ड्रायव्हर विरोध करायला उठला आणि आपल्याच बसचे हाल सांगता सांगता समर्थकांच्या टाळ्या घेऊन बसला. बेकरीवाल्या काकूंना स्टेशन हवंय, पण गाडी नकोय. स्टेशनवर गिऱ्हाईक जमतं, गाडी त्याला घेऊन जाते, असं त्यांचं म्हणणं.

पण खरी गंमत आपल्या घरात. आई समर्थन समितीची अध्यक्ष, बाबा विरोध समितीचे सरचिटणीस, आणि दोन्ही समित्यांचं कार्यालय म्हणजे आपलं जेवणाचं टेबल. आईच्या निवेदनातल्या चुका बाबा सुधारतात. नाक मुरडत, पण सुधारतात. बाबांच्या पत्रकांची पाकिटं आई चिकटवते. बोलणं मात्र महिनाभर माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना सांग, विरोधकांचं ताट वाढलंय." "म्हणावं, विरोधक हात धुऊन येतोय."

सुनावणीत आई दीड मिनिटच बोलली. माझी थोरली सहा वर्षांत घरी आली नाही, नऊ तासांचा घाटरस्ता आणि तिला बस लागते, रेल्वे झाली की ती येईल, एवढंच मला सांगायचंय. सगळे हळहळले. तुला बस लागते याची आता सरकारदरबारी नोंद झाली आहे.

मग बाबा उठले. हातात अकरा मुद्दे. पहिला असा, की गाडीच्या हादऱ्यांनी दुकानात चष्म्याच्या काचा घासताना हात हलेल. सुनावणीच्या साहेबांनी नकाशा दाखवला: रूळ दुकानापासून दोन किलोमीटर लांब. बाबांनी नकाशा जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाले, "साहेब, तुमचा नंबर वाढलाय. या एकदा दुकानात." लोक खो खो हसले. चौथ्या मुद्द्यापर्यंत सगळं असंच झकास चाललं होतं. पाचव्याला त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "आज ती बसमुळे येत नाही, असं तरी म्हणता येतं. उद्या गाडी सुरू झाली आणि तरीही ती आली नाही, तर मी घरात काय सांगू? दुकान सोडून गेली तेव्हा मीच म्हणालो होतो, परत येऊ नकोस."

बाबा माझ्याकडे वळले. "हे लिहू नकोस गं." तोवर मी लिहून मोकळी झाले होते. ताई, खरं सांगते, 'हे लिहू नकोस गं' हेही मी लिहिलं. हाताला सवयच तशी.

आता आमच्याकडचा नियम असा, की नोंदलेलं विधान काढायचं तर लेखी अर्ज द्यायचा आणि अर्जात ते विधान जसंच्या तसं उतरवायचं. मग तो अर्ज इतिवृत्ताला जोडायचा. बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज आणून दिला. म्हणजे जे एकदाही नको होतं ते आता दोनदा आहे, आणि दुसऱ्यांदा बाबांच्या वळणदार अक्षरात, शिक्क्यासकट. घरी आईने त्याची नक्कल वाचली, स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली ती महिन्यात पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली. "अर्जावरची तारीख चुकलीय तुमची."

तुला बस लागते यावर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेच्या सहलीत सगळ्यात मागच्या सीटवर बसून, घाटात भेळ खात, वळणावळणाला किंचाळणारी तूच होतीस. आईला ते आठवत नसेल असंही नाही. पण हे कुणी बोलायचं नाही, असं घरात न ठरवताच ठरलं होतं. बाबांचा हात आता खरोखरच हलतो, रेल्वे न येताच. बारीक नंबरच्या काचा ते बाजूला ठेवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, माणूस मिळत नाही. तुझ्यासारखा हात असलेला, हे ते सांगत नाहीत.

आता हे पत्र कशासाठी, तर सुनावणीत ज्याच्याविषयी बोललं गेलं त्याला इतिवृत्ताची प्रत पाठवून पंधरा दिवसांत त्याचं म्हणणं मागवायचं, असाही एक नियम आहे. आजवर तो कुणी पाळलेला नाही. मी पाळते आहे. प्रत सोबत आहे, पान सतरा बघ. खाली तुझ्या म्हणण्यासाठी चार ओळी रिकाम्या आहेत. टपालाने पाठव किंवा समक्ष आणून दे, नियमात दोन्ही बसतं. बाबा रोज दुकान उघडण्याआधी माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, शहरातून काही आलं का? मग घाईघाईने पुढे जोडतात, रेल्वे खात्याकडून म्हणतोय मी.

तुझीच,
तुझी सगळी कारणं पाठ असलेली,
धाकटी