ड्राइव्ह आज नक्की दिसेल

३ ऑक्टोबर, सकाळ
कॉम्प्युटर उघडून आतून साफ केला. याकच्या शेपटीचा झाडू वापरला. इतका मऊ ब्रश आमच्या आत-बाशी गावच्या बाजारात मिळणार नाही. बुरुल म्हणाली, "उघडलात कशाला? चांगला चालत होता की!" बायकोला मशीनमधलं काय कळणार. सगळं जसंच्या तसं बसवलं. एक वायर उरली. कंपनी जास्तीची देत असावी. लोंबकळायला नको म्हणून टेपने बाजूला चिकटवली.

५ ऑक्टोबर
डिस्कचा ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसत नाही. बटण दाबलं तरी ट्रे बाहेर येत नाही, दिवाही लागत नाही. आत नेमकी बेरमेतच्या लग्नाची डिस्क. दुसरी प्रत नाही. थोरला भाऊ मंबेतकुल तीत आमच्या लेकीला आशीर्वाद देतो. तो जाऊन या महिनाअखेर वर्ष होईल. वर्षाच्या जेवणाला दादाचा आवाज ऐकवीन, असा परवाच सगळ्यांदेखत वहिनीला शब्द दिलाय. त्यांनी डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. त्यांच्याकडे दादाचे फोटो आहेत, आवाज नाही.
किरकोळ बिघाड आहे. संध्याकाळपर्यंत होईल.

७ ऑक्टोबर
झालं नाही. मशीन सुरू होताना जो काळा पडदा येतो तो नीट वाचला. हार्ड डिस्क आहे, ड्राइव्हच्या जागी काहीच नाही. थंडीने आखडला असणार. कॉम्प्युटर शेगडीशेजारी ठेवून वर लोकरीचा नमदा टाकला.

८ ऑक्टोबर
प्लॅस्टिकचा वास. शेगडीचा उपाय बंद. तत्त्व बरोबर होतं, प्रमाण चुकलं.

११ ऑक्टोबर
इंटरनेटवर वाचलं की ड्राइव्हर काढून परत टाकावा. काढला, टाकला. आता प्रिंटर दिसतो. आमच्याकडे प्रिंटर नाही. पण प्रगती आहे.

१२ ऑक्टोबर
ट्रेच्या खाली एक बारीक भोक सापडलं. सुई घातली की ट्रे उघडतो म्हणे. बुरुलची नमदा शिवायची सुई घातली. टोक आतच मोडलं. बुरुल बोलत नाहीये. शांतता कामाला बरी.

१५ ऑक्टोबर
बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एमिलबेक आला. मी बोलावलं नव्हतं, बुरुलने बोलावलं. बसायच्या आधीच म्हणाला, "अक्साकाल, आतल्या वायरी बघू का?" अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा; मान ठेवतो पोरगा. म्हटलं, आधी चहा घे, माझ्या घरी उपाशीपोटी कोणी काम करत नाही. चहावरून तळलेल्या मटणावर आलो. शेवटी त्यानेच आशीर्वाद मागितला. मी दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, उठलो. हात फिरवले की बैठक संपली. परत बसणं म्हणजे अन्नाचा अपमान. तो निघाला. बूट घालताना चाचरत म्हणाला, "ते वायरीचं जरा..." म्हटलं, वायरी मी स्वतः बसवल्यात. तर म्हणतो, "मग बरोबरच असणार, अक्साकाल."
बघा! जाणकाराचंही मत माझ्यासारखंच.

१९ ऑक्टोबर
एमिलबेक पुन्हा आला. मेंढीचा रस्सा, हाताने कापलेल्या शेवया. आशीर्वाद. गेला. बुरुल म्हणाली, "आणखी दोनदा येऊ दे त्याला. ड्राइव्ह राहील तसाच, त्याचा पट्टा मात्र लागायचा नाही."

२२ ऑक्टोबर
वहिनी भेटल्या. त्या माझं नाव घेत नाहीत. नवऱ्याकडच्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून मला 'शहाणे भावजी' म्हणतात. माणसाची पारख आहे त्यांना. म्हणाल्या, "नसेल होत तर राहू दे. मी मनाची तयारी केलीय."
म्हटलं, होणार! घरी येऊन मशीनसमोर बराच वेळ नुसता बसलो. ते माझ्याकडे बघतं, मी त्याच्याकडे. आता काय करावं ते खरंच सुचत नाही. (तात्पुरतं.)

२७ ऑक्टोबर
वर्षाच्या जेवणाला कापायचा घोडा ठरवायला शेजारच्या गावी गेलो होतो. परत येतो तर ड्राइव्हचा दिवा लागलेला! ट्रे आत-बाहेर होतो. अखेर मेहनत फळाला आली.
बुरुल म्हणते एमिलबेक येऊन गेला. "आधी काम करून घेतलं, मग चहा दिला. टेपखालची वायर जोडली, सुईचं टोक चिमट्याने ओढलं, झालं. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुमच्यासमोर तोंड उघडेल कसा बिचारा?"
चहाच्या आधी काम! आमच्या घरात! मान खाली गेली. वायर ही शेवटची पायरी होती, आधीची तयारी कोणाची?
"एकदा लावून बघू या," बुरुल म्हणाली. लग्नानंतर एकदाच बघितली होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, गलक्यात ऐकू येईना म्हणून आवाज बंद करून. म्हटलं, नको. पहिल्यांदा वहिनीच ऐकतील.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ
सगळे जेवले. डिस्क लावली. ड्राइव्ह दिसला, चित्र आलं. दादा उभा राहिला, तळवे पसरले, ओठ हलायला लागले.
आवाज माझा.
"अरे, कॅमेरा वर घे, टोपी कापतोयस. दादाचा आवाज येतोय ना? एक शब्द सुटता कामा नये. मला यातलं कळतं, ऐक माझं." असं शेवटपर्यंत. दादाने तोंडावरून हात फिरवले तेव्हा मी बॅटरीविषयी सांगत होतो.
माइक हलका होता, असं म्हणणार होतो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
वहिनी म्हणाल्या, "परत लावा, शहाणे भावजी."
म्हटलं, वहिनी, त्यात काही नाही हो.
"आहे. मधे तुम्ही श्वास घ्यायला थांबलात ना, तिथे ते खोकलेत. तेवढं लावा."
लावलं. दादा खोकला. वहिनींनी डोळे मिटले. परत लावलं. पुन्हा लावलं.
एवढ्या वेळात एकदाच थांबलो होतो मी. तेही किती थोडं.