तुलनेची बाटली

३ ऑगस्ट २००४, मंगळवार

काळी! शाईसारखी काळी. ओढ्याच्या दोन्ही बाटल्या काळ्या होणार हे ठाऊकच होतं, पण तिसरी — सोजरबाईंच्या विहिरीची — तीसुद्धा! दहा वर्षांपूर्वी अर्धं धायरी गाव त्या विहिरीवर पाणी भरत होतं म्हणे.

पद्धत अगदी सोपी आहे. बाटलीत औषध लावलेली पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, दोन दिवस फ्रिजच्या डोक्यावर उबेला ठेवायचं. मैला मिसळला असेल तर काळं होतं, नाहीतर पिवळसर राहतं. दर रविवारी चार बाटल्या. तीन मी भरतो. चौथी आमच्या नळाची, तुलनेसाठी. ती जया भरते, कारण साडेसहाला मी ओढ्यात उभा असतो.

चौथी पिवळी. बोअरचं पाणी आहे, गढूळ येतं, पण स्वच्छ! खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, ती निदान इथे उपयोगी पडली.

१० ऑगस्ट

विहीर पुन्हा काळी. वरच्या मजल्यावरचा अभिनव कंप्युटरवर आलेख काढून आणतो — हिंजवडीत कंपनीची कामं करून हा मुलगा रविवारी माझ्याबरोबर चिखलात उतरतो, कौतुक आहे. म्हणाला, "काका, डेटा एकदम क्लिअर आहे. आपली बिल्डिंग सेफ, विहीर डेंजर."

सोसायटीच्या मागच्या मैलाटाकीपाशी वास मारतोय. सेक्रेटरींना सांगितलं. "बिल्डरला पत्र टाकलंय." बिल्डरला बहुधा पत्रं जमवायचा छंद असावा.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं लिहिलं — पाणी पिण्यास अयोग्य. अक्षर माझं, डबा अभिनवनं धरला.

सोजरबाई काठी टेकत आल्या. "माझ्या सासऱ्यानं खांदलेली हाय ही. दुष्काळात गाव जगवलंय हिनं. आन् तुमी हिच्या तोंडाला काळं फासलं." मी म्हटलं, लाल आहे, आजी. नको होतं तसं बोलायला. थट्टेची वेळ नव्हती ती.

२२ ऑगस्ट

मीटिंग. फाटकापाशी पत्र्याच्या खोलीत आपला वॉचमन नागोराव राहतो. नांदेडकडचा. बायको यमुनाबाई, पाचवा महिना. दोघं सोजरबाईंच्या विहिरीचं पाणी पितात, कारण सोसायटीचा नळ फक्त सभासदांना! हा ठराव कोणत्या महाभागानं केला देव जाणे.

भांडलो. चारही बाटल्या टेबलावर मांडल्या. ही विहिरीची काळी, ही आपली पिवळी — आता हात वर करा, त्या पोरीनं कुठलं पाणी प्यायचं? सगळे हात वर. सेक्रेटरींचा शेवटी, पण वर.

नागोरावला स्वतः जाऊन सांगितलं. उद्यापासून खालच्या नळावर भर, विहिरीकडे फिरकायचं नाही. तो म्हणाला, "तुमी तपासलेलं हाय म्हणल्यावर काय बघायचं, साहेब." फार बरं वाटलं. जयानं यमुनाबाईला डिंकाचे लाडू दिले.

७ सप्टेंबर

विहीर पिवळी! सोजरबाईंनी ब्लीचिंग पावडर टाकली, माणसं लावून गाळ काढला.

मैलाटाकीचं झाकण उचललं गेलंय. खालून पाणी झिरपून बोअरच्या बाजूला ओल आली आहे. सेक्रेटरींना दाखवलं. "पावसाचं आहे हो." चार दिवस पाऊस नाही.

पण चौथी बाटली पिवळी. तेव्हा काळजी नको.

२१ सप्टेंबर

विहीर सलग तिसऱ्यांदा पिवळी. सोजरबाई गणपतीचा प्रसाद घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आता झाली ना चांगली? पुसा मग तुमचा लाल रंग." मी म्हटलं, अजून चार आठवडे बघू. घाईनं निष्कर्ष काढायचे नसतात.

त्या गेल्यावर जया म्हणाली, "म्हाताऱ्या बाईला किती ताटकळवाल?" शास्त्रात दया नसते, असं काहीतरी मी बोललो. आता लिहिताना लाज वाटते आहे.

२८ सप्टेंबर

यमुनाबाई तीन दिवस झाले जेवत नाही. नागोराव म्हणतो अंगात कणकण आहे, वास सहन होत नाही. जया म्हणाली, या दिवसांत होतं असं कधीकधी. ओल आता बोअरच्या पाइपापर्यंत आली.

२ ऑक्टोबर

डोळे पिवळे.

यमुनाबाई दुपारी फाटकापाशी बसली होती, उन्हात. मान वर केली आणि मला दिसलं. रिक्षा केली. सरकारी दवाखान्यात लगेच दाखल करून घेतलं. डॉक्टरीण तरुण आहे, स्पष्ट बोलली — कावीळ पाण्यातून झालेली, सातवा महिना, काहीही सांगता येत नाही. "कुठलं पाणी पितात हे?"

मी बाहेर येऊन नागोरावला नाही नाही ते बोललो. व्हरांड्यात, सगळ्यांदेखत. विहिरीवर गेलात ना? सांगूनसुद्धा? तो म्हणाला, "न्हाई साहेब. तुमी सांगल्यापासून हिरीवर पाय ठेवला न्हाई. तुमच्याच नळाचं पेतो आमी." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस.

रागात माणूस किती मोठा आवाज काढतो! नर्स येऊन गप्प करून गेली.

३ ऑक्टोबर, रविवार

जया कालच नाशिकला गेली, लेकीकडे, श्रद्धाकडे. तिची परीक्षा आहे, नातवाला सांभाळायला कोणी नाही.

ओढ्यावरून आल्यावर चौथी बाटली मीच भरली. स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरली. या नळाचं पाणी असं दिसतं हे मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. श्रद्धानं फिल्टर बसवून दिल्यापासून आपण पितो ते त्यातलंच. मी त्या फिल्टरला नावं ठेवतो, आणि ग्लास तिथेच भरतो.

दवाखान्यात गेलो होतो. यमुनाबाई ओळखते, पण मध्येच असंबद्ध बोलते. मला बघून नागोराव उठून बाहेर गेला.

५ ऑक्टोबर, पहाट

चौथी काळी.

विहीर पिवळी, आणि चौथी काळी. दिवा लावून पुन्हा पाहिली.

नाशिकला फोन केला. जया झोपेतून उठली. विचारलं, चौथी बाटली तू कुठून भरायचीस? "फिल्टरमधून. का हो?" मी म्हटलं, नळाचं भर म्हणून सांगितलं होतं. "सांगितलं होतंत. पण चार लोकांत टेबलावर मांडायची बाटली, त्यात ते गढूळ पाणी कसं द्यायचं? आपल्या घराचं नाव लिहिलेलं असतं वर." मग म्हणाली, "अहो, काय झालं?" मी फोन ठेवला.

खाली नळावर हंड्याचा आवाज येतोय. नागोराव दवाखान्यात न्यायला पाणी भरतोय.