बेन ऑर्वनवरचा तांबडा दगड

मी, मर्डो गिलँडर्स, वय एकाहत्तर, बेन ऑर्वन डोंगराच्या पायथ्याचा निवृत्त हरणराखा, गुडघे सोडून बाकी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. दफनाआधी ते मोठ्याने वाचावे.

१. घर, मेंढ्या व पुस्तके भाची मोराग हिला. खडकांच्या पुस्तकावर लापशीचे डाग आहेत. रागावू नकोस, पोरी.

२. माझी पोलादी पहार शेजारी हेक्टर अर्कहार्ट याला. कारण सांगणे भाग आहे.

१९७१ साली हेक्टरने माझी कुत्री गोळी घालून मारली. वर म्हणाला, "मेंढी फाडली तिनं. पुढची गोळी तुला!" मी काठीने त्याचे दोन दात पाडले. तरी राग निवला नाही. धुक्यात माथ्यावरून उतरताना सगळे दगडांच्या राशीवरून वाट ओळखतात. ती रास मोडून मी चाळीस पावले पश्चिमेला रचली, काळ्या खडकाचा पट्टा झिजून घळ पडली आहे तिच्या तोंडाशी. दुसऱ्या दिवशी हेक्टर मेंढ्या वळायला यायचा होता. आला त्याचा भाऊ युअन. दोनशे फूट कोसळला. सगळ्यांना वाटले, धुक्यात वाट चुकला. त्याला उचलणाऱ्यांत मीही होतो. डोके असे उरलेच नव्हते.

तेव्हापासून हेक्टर दरवर्षी भावाच्या नावाने त्याच राशीवर दगड चढवतो, जाणारे-येणारेही चढवतात. रास पुरुषभर झाली. तिच्यावर विसंबून आणखी दोघे मेले. एकदा मी ती पाडायला गेलो, तर हेक्टरने मागून गाठले. "माझ्या भावाच्या दगडांना हात लावतोस, भडव्या?" म्हणत त्याने माझे मनगट मोडले. खरे बोलायची छाती तेव्हाही झाली नाही.

३. हेक्टर, उन्हाळ्यात माणसे चढू लागण्याआधी ती रास त्या पहारीने तूच पाड. दुसऱ्याला तू पाडू देणार नाहीस. जुन्या जागी रच. माथा सगळा पांढऱ्या गारगोटीचा, पण तळाशी एक तांबडा दगड सापडेल. तो माझ्या कुंपणाचा, तसला दुसऱ्या कोणाकडे नाही. पायथ्याचा दगड वर नेऊन राशीवर ठेवायची आपली रीत. जीव घ्यायला निघालो तेव्हाही हाताने सवयीने उचलला. तो माझ्या थडग्यावर ठेव, नाहीतर डोक्यात घाल. शवपेटीचे झाकण उघडे ठेवायला मोरागला सांगितले आहे.

मर्डो गिलँडर्स
किनलॉखऑर्वन, ९ मार्च २००९

साक्षीदार:
फ्लोरा मॅथेसन, पोस्टमास्तरीण
हेक्टर अर्कहार्ट, मेंढपाळ

(हेक्टरला आधी वाच म्हटले. म्हणाला, "सही कुठं करू ते सांग, म्हाताऱ्या. तुझ्याकडून मला काय मिळणार?" मी म्हटले, "पहार." तो हसला, "ब्येस. तुझा खड्डा मीच खणतो.")