फुसका बार

४ मार्च
ह्यांचं कपाट आवरलं. शर्ट देऊन टाकले. खालच्या कप्प्यात, मफलरमध्ये गुंडाळलेलं आजेसासऱ्यांचं ते इंग्रजी रिव्हॉल्व्हर. सासूबाई दारात आल्या, बघितलं, गेल्या.

५ मार्च
धाकट्या दिरांना फोन केला. म्हणाले, वहिनी, घरात नको, संग्रहालयाला देऊ. परवान्याचं मी बघतो. बरं म्हटलं. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.

९ मार्च
संग्रहालयात जुनी हत्यारं दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. जाड चष्मा, बोलायची भारी हौस. पांढरं कापड पसरून पेशंट तपासावा तसं तपासलं. काडतुसांच्या आधीच्या काळातलं आहे म्हणे. चक्राच्या प्रत्येक घरात दारू नि शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार उडतो. आठकोनी नळी, तोंडाशी गंजाचे खड्डे. अक्रोडाच्या मुठीला चीर. चक्र जरा ढिलं. वेलबुट्टी मात्र जशीच्या तशी.

"वयाच्या मानानं तब्येत ठणठणीत," म्हणाल्या. मी मान हलवली. डॉक्टरांपुढे वर्षभर हलवत होते, तशीच.

मग त्यांनी घरांमध्ये बॅटरी मारली आणि नळी भिंतीकडे वळवली. एक घर भरलेलं आहे. ठेवून जा, म्हणाल्या.

१० मार्च
दिरांना सांगितलं. आपल्या निर्व्यसनी घरात दारू निघाली म्हणायची, असं म्हणून हसले — आणि एकदम थांबले. मला हसू नाही, भीती नाही. भांडी घासून ठेवली.

१४ मार्च
बाईंनी बोलावलं. आधी पाणी दिलं.

बार जुना नाही. शिसं अजून चकाकतंय, टोपीचं तांबं कोरं आहे. कुणीतरी अलीकडेच भरलंय. चापही दाबलाय. टोपी फुटली, पण दारू पेटली नाही — ती तेलानं चिंब होती.

घरात कोण कोण होतं, त्यांनी हळूच विचारलं. मी, सासूबाई, आणि अंथरुणाला खिळलेले हे. धडधाकट होते तेव्हा हे क्लबात ते उडवायचे. दारूची डबी, टोप्या — सगळं ह्यांच्याच पलंगालगतच्या खणात.

घरी येताना स्टॉप चुकला. चालत आले.

गेल्या पावसाळ्यात ह्यांनी अन्न टाकलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एक दिवस मी कामावरून आले, तर हे खिडकीशी खुर्ची मागत होते! तिथून शेवटपर्यंत शब्दकोडी, पत्त्यांत लबाडी, पंख्यावरून माझ्याशी भांडणं. मला वाटलं, नवं औषध लागू पडलं.

१५ मार्च
ऑफिसला गेले. आले.

१६ मार्च
सासूबाईंना विचारलं. भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"उशाखाली दिसलं मला. हिसकावलं असतं तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तो झोपला होता, तेव्हा आत तेल सोडलं. होतं तिथंच ठेवलं."

निवडलेली भाजी धुवायला घेतली, मग म्हणाल्या, "आवाज झाला तशी आत गेले. त्यानं विचारलं, आई, हे तू केलंस? मी म्हटलं, भूक लागलीय का? थोडी लागलीय, म्हणाला."