माझ्या आजीला सूर लागत नसे

मी, हेल्ये कूसिक, वय वर्षे ७४, व्यवसायाने गायिका, राहणार हान्या, आज पूर्ण शुद्धीवर आहे. सकाळची गुंगी उतरली आहे आणि माझा हात धरून कोणी लिहवून घेत नाही. घरी लिहिलेले मृत्युपत्र आपल्या कायद्याने सहा महिनेच चालते, म्हणून हे सातवे. आठवे लागणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी न विचारता सांगितले. आधीची सहा रद्द समजावीत. त्यांत कलम चार नव्हते.

१. घर, सौनाचे वाफेचे न्हाणीघर आणि मागची सफरचंदाची झाडे माझी मुलगी त्रीन हिला. हेलसिंकी सोडून ती इथे राहणार नाही, हे मला माहीत आहे. विकलेस तरी चालेल, त्रीन. फक्त ‘गायिकेचे घर’ अशी पाटी लावून पाहुण्यांना भाड्याने देऊ नकोस.

२. बँकेतली शिल्लक दफनासाठी आणि नंतरच्या जेवणासाठी. सोनेरी झगे जाळावेत. ते घालून एकोणीस वर्षे मी फिनलंडच्या जहाजांवर जेवणाऱ्यांच्या पाठींकडे बघत गायले.

३. निवेदक उर्मास याला माझ्या दफनात बोलू देऊ नये. माझ्या साठीच्या कार्यक्रमात तो भर मंचावर म्हणाला होता, “आवाज गेला, बाई मात्र जात नाहीत.” लोक हसले. मीही हसले, याचा राग अजून आहे.

४. ‘बर्फाखालची होडी’ हे लोकगीत नाही. त्याचे शब्द आणि चाल एंदेल सारापूची. १९७७ च्या हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने ते रचले. पुढच्या वर्षी आमचा वाद्यवृंद फिनलंडला गेला, तिथून एंदेल स्वीडनला पळाला. पळून गेलेल्यांची गाणी रेडिओवर पुसून टाकत. रेडिओच्या साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला: हे जुने गाणे मी माझ्या आजीकडून शिकले. मी सही केली.

माझ्या आजीला सूर लागत नसे. चर्चमध्ये ती नुसते ओठ हलवायची.

गाणे तरी वाचवले, असे मी स्वतःला सांगत आले. पण परक्या राजवटीतून देश मोकळा झाल्यावर भीती कोणाची होती? तोवर शाळेतली मुले ते गात होती आणि लोकगीत जपल्याबद्दल मला पदक मिळाले होते. मी गप्प बसले. एंदेल १९९४ मध्ये गोथेनबर्गला एका खानावळीत भांडी घासता घासता गेला. त्याची बहीण साल्मे माझ्यापासून चार किलोमीटरवर राहते. तिला आलेल्या शेवटच्या पत्रात त्याने विचारले होते, “हेल्येच्या आजीला नवीन काही सुचलं का?” ते पत्र तिने मला दारातच वाचून दाखवले. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

या गाण्याचे सर्व हक्क मी साल्मेला देते. (ही ओळ मी खोडली आहे. कारण खाली.)

इथवर काल लिहिले. आज शेजारचा वाल्तेर साक्षीच्या सहीसाठी आला. वाचून तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

“मेल्यावर सांगणार होय? मग तिनं भांडायचं कोणाशी?”

तो गाडी काढून गेला आणि साल्मेला घेऊन आला.

तिने कोट काढला नाही. कलम चार दोनदा वाचले.

“जे त्याचंच आहे, ते मला देणारी तू कोण गं?”

मग काय करू, असे मी विचारले. आता माझ्या गळ्यातून कुजबुजच निघते, तिला खाली वाकावे लागले. ती म्हणाली, आजच्या आज याची प्रत रेडिओला आणि वर्तमानपत्राला जाऊ दे, तू जिवंत असताना. मी प्रती लिहून दिल्या. वाल्तेर त्या टपालात टाकणार आहे.

मग तिने साक्षीची सही करायला पेन मागितले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही, हे वाल्तेरने तिला समजावले.

“म्हणून तर मागते आहे,” ती म्हणाली.

हान्या, ११ नोव्हेंबर २०१९

हेल्ये कूसिक

साक्षीदार:
वाल्तेर पेडास्क, शेजारी

साल्मे सारापू, एंदेलची बहीण. कलम चार खरे आहे. मी माफ केलेले नाही.