गोवराचं आमंत्रण

॥ श्री ॥
मुलुंड, २४ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. मालन हिस,
शेवंतीताईचे अ. आ. वि. वि.

तुझं इनलँड काल मिळालं. इतकं बारीक अक्षर काढतेस की आमच्या ह्यांना चष्मा लावून मोठ्याने वाचावं लागलं, आणि मधल्या दोन-चार ओळी त्यांनी खाल्ल्या असा मला दाट संशय आहे. आमच्याकडे सध्या गोवर मुक्कामाला आहे. थोरल्या बाळाचा सुकला. काल नंदूला ताप चढला, नाक-डोळे वाहतायत, म्हणजे दोन-तीन दिवसांत अंगावर फुटणार. दाराला कडुलिंबाचा डहाळा आणि घरात फोडणी बंद. बिनफोडणीची आमटी जेवून हे आता संन्यास घ्यायच्या गोष्टी करतात.

मुद्द्याचं लिहिते. येत्या रविवारी उत्तराला घेऊन ये. दिवसभर नंदूबरोबर लोळू दे, म्हणजे तिलाही गोवर येऊन जाईल आणि जन्माची सुटका होईल. दहा महिन्यांची झाली, अंगानेही बरी आहे. आमच्या आईने मला आणि जयवंताला असंच एका गोधडीत घातलं होतं. त्याला विचार, आठवत नसेल तर मी आठवण करून देईन. दवाखान्यातली सिस्टर गोवराची सुई घ्यायला सांगते असं तू लिहिलंस. अगं, देवीची लस वेगळी, देवीने माणसं जात होती. गोवराला कसली सुई? ट्रिपलच्या वेळी पोर दोन दिवस तापली होती ते विसरलीस वाटतं.

ओल्या नारळाच्या करंज्या करते. तळण बंद असलं तरी शेजारच्या स्टोव्हवर तळता येतं, देवीला कळवू नकोस. जयवंताला आशीर्वाद, उत्तराला पापा.

तुमच्यावर लोभ आहेच, रविवारी समक्ष दाखवीन.
तुझी,
शेवंतीताई


॥ श्री ॥
बोरिवली, २६ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. ताईंस,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नंदूला बरं वाटत असेल अशी आशा आहे. उत्तरा आता पलंगाला धरून उभी राहते आणि पडली की आधी आजूबाजूला बघते. कोणी पाहिलं असेल तरच रडते. हे म्हणतात, अगदी ताईवर गेली आहे.

ताई, एक विचारू का? गेल्या महिन्यात सुईची तारीख होती तेव्हा तिला सर्दी झाली होती, म्हणून राहिलं. आता बुधवारी, चार तारखेला, पुन्हा बोलावलं आहे. चुकवू नका असं सिस्टर दोनदा म्हणाल्या. आधी सुई घेऊन मग पुढच्या महिन्यात मुलुंडला आलं तर चालेल का, असं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ताईने तीन पोरं वाढवली, त्यांतला एक मीच आहे, ताईला कळत नाही का? शिवाय नाही म्हटलं तर तुम्हांला वाईट वाटेल. तेही खरंच.

तेव्हा रविवारी सकाळी निघतो. तिच्यासाठी मऊ भात तेवढा काढून ठेवाल का?

वडीलकीच्या नात्याने सांभाळून घ्यावं ही विनंती.
आपली,
मालन


॥ श्री ॥
मुलुंड, १६ मार्च १९८७

चि. सौ. मालन हिस,
शेवंतीताईचे अ. आ. वि. वि.

जयवंताचं कार्ड मिळालं. उत्तराच्या कानामागे पुरळ दिसलं, हे ठीकच झालं. घाबरून जाऊ नकोस. अंगावर फुटला म्हणजे आत राहिला नाही. आता पायापर्यंत उतरेल आणि मग सुकेल. खोलीत उजेड कमी ठेव, अंगाला पाणी लावू नकोस, कडुलिंबाच्या पाल्याने वारा घाल. तुमच्याकडे लिंब मिळत नसेल तर कळव, ह्यांच्याबरोबर गाठोडं पाठवते.

आणि डॉक्टरकडे पळू नकोस. देवीच्या पोराला औषध देत नाहीत, ती रागावते. खोकला सगळ्यांनाच येतो, बाळा तर आठवडाभर खोकत होता. चौथ्या दिवशी उतार पडतो बघ. मग मी तुला फोडणीच्या वरणाचा निरोप धाडते.

काळजी करायचं काम माझ्याकडे सोपव, तू पोरीकडे बघ.
तुझी,
शेवंतीताई


मुलुंड, ११ एप्रिल १९८७

मालन,

वर काय लिहावं ते सुचलं नाही.

आज उत्तराला जाऊन तीन आठवडे झाले. तू माहेरी गेलीस की बोरिवलीलाच आहेस, मला कोणी सांगत नाही. जयवंत दारात उभा राहून ह्यांच्याशी बोलतो आणि परत जातो. मी आत असते. त्याला ठाऊक असतं.

मला इस्पितळाचा व्हरांडा डोळ्यांपुढून जात नाही. डॉक्टर म्हणाले, गोवर छातीत उतरला, न्यूमोनिया झाला, चार दिवस आधी आणायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, हिला गोवराची सुई दिली नव्हती का? तू माझ्याकडे पाहिलंस. नाव घेतलं नाहीस. म्हणालीस, राहून गेलं. मी तिथे उभी होते मालन, आणि माझं तोंड उघडलं नाही. आयुष्यभर ज्या तोंडाला कोणी आवरू शकलं नाही, ते तेव्हा बंद राहिलं.

पोर मी बोलावली. नंदूच्या अंथरुणावर मीच बसवली, त्याच्या उष्ट्या वाटीतला भात मीच भरवला. आणि तिला धाप लागली तेव्हा तू तीन दिवस माझं पत्र धरून बसलीस. हे मला जयवंताने नाही, तुझ्या शेजारणीने सांगितलं. मला वाईट करायचं नव्हतं. पण असं म्हणून काय होणार?

तू मला शिव्या दे. पत्राने दे, समक्ष दे. गप्प राहू नकोस.

शेवंती


मुलुंड, १३ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. मालन हिस, आशीर्वाद.

हे माझं सहावं पत्र. आधीच्या पाचांना उत्तर आलं नाही, यालाही येईल असं धरून लिहीत नाही. भाऊबिजेला जयवंत आला. ओवाळून घेतलं, जेवला, आणि चप्पल घालताना म्हणाला की दोन तारखेला मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. ताट घासताना मला रडू फुटलं. आनंदाने की कशाने, ते काही कळलं नाही.

तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. तेवढी अक्कल आता आली आहे. मात्र एक सांगितल्यावाचून राहवत नाही. पोलिओचे थेंब, ट्रिपल, आणि नऊ महिने भरले की गोवराची सुई. ताप आला तरी, सणवार असला तरी चुकवू नकोस. दवाखान्यात जाऊन मी सगळं विचारून आले. त्या दिवशी तिथल्या बाईंना मी एवढे प्रश्न विचारले की त्यांना वाटलं माझीच पोरं आहेत.

आमच्या चाळीत या उन्हाळ्यात पुन्हा गोवर आला. खालच्या मजल्यावरची एकजण शेजारणीच्या तान्हीला तशीच गोवराच्या घरी घेऊन निघाली होती, माझ्यासारखीच. मी जिन्यात आडवी उभी राहिले, भांडले. बायका म्हणाल्या, शेवंतीचं डोकं फिरलं. त्यांना मी उत्तराचं सांगितलं. सगळं सांगितलं, पत्र लिहून बोलावली तेही. आता काही जणी माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.

बाळाला माझ्या नावाने नको, नुसताच एक पापा दे.
शेवंतीताई


बोरिवली, ८ ऑगस्ट १९८९

सौ. शेवंतीताईंस, नमस्कार.

तुमची सगळी पत्रं मिळाली. पहिलं वाचलं नाही, फाडलंही नाही. गेल्या महिन्यात एकदम सगळी वाचली.

बारशाला तुम्हांला बोलावलं नाही. आत्याच्या जागी शेजारच्या काकूंनी कानात नाव सांगितलं. अनंत ठेवलं आहे. तेव्हा तुम्ही आला असता तर मी त्याला तुमच्या हातात देऊ शकले नसते, म्हणून बोलावलं नाही. हे मुद्दाम लिहिते, तुम्ही दुसरं काही समजू नये.

इस्पितळात मी तुमचं नाव घेतलं नाही ते तुम्हांला वाचवायला नव्हतं. तुमचं घेतलं असतं तर पुढे माझं घ्यावं लागलं असतं. सिस्टरने मला दोनदा सांगितलं होतं. मला पटलंही होतं. तीन दिवसांवर तारीख होती, आणि तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मी पोरीला घेऊन निघाले. मुलुंडला पोचलो तेव्हा ती तुमच्याकडे यायला तयार नव्हती, माझ्याच कडेवर होती.

तुम्हांला माफ केलं असं लिहीत नाही. लिहिलं तर खोटं होईल. स्वतःलाही अजून केलेलं नाही.

बुधवारी, सोळा तारखेला, अनंतची गोवराची सुई आहे. आधीचे सगळे डोस ह्यांनीच रजा टाकून, त्याला नेऊन दिले. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाते आणि माझे पाय पुढे जात नाहीत. याही वेळी हे नेतील. पण या सुईच्या वेळी तो तुमच्या मांडीवर असावा असं मला वाटतं.

दवाखाना नऊला उघडतो, साडेआठला या. मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसेन. त्याने तुम्हांला कधी पाहिलेलं नाही, अनोळखी माणसाकडे तो जात नाही, फार रडेल. तरी सोडू नका.

मालन